हाकेला तुकडा

६ जानेवारी, मंगळवार

हा फोन अपूर्वाचा जुना. नवा घेतला तेव्हा तिनं हा मला दिला आणि म्हणाली, "आजी, हे बटण दाबायचं आणि बोलायचं. तो सगळं लिहून घेतो. कुणाला सांगवत नाही ते यात बोला." मी म्हटलं, जन्मात अक्षर गिरवलं नाही आणि आता म्हातारपणी दैनंदिनी? तर हसली. दुसरं बटण दाबलं की आतली बाई वाचून दाखवते. मी न्हाई म्हटलेलं ती नाही म्हणते. शिकलेली दिसते. मी बोलले तेवढंच लिहिते की स्वतःचं काही घुसडते, हे कसं ओळखायचं ते अजून ठरवलं नाही. पण ऐकून घेते आणि मधे तोंड घालत नाही. या घरात एवढं पुष्कळ झालं.

सांगायचं ते असं, की आमच्या अंगणात कुणीतरी चोरून कुत्र्याला भुंकायला लावतंय.

रस्त्याकडेच्या भाताच्या खाचरात माझ्या निरंजननं खोल्यांची रांग बांधली. भात यायचं तिथं आता हिंजवडीला कामाला जाणारी पोरं राहतात. मधल्या खोलीत अपूर्वा, परभणीची. नवऱ्याचं घर सोडताना चार कपडे आणि हा कुत्रा एवढंच घेऊन निघाली. कुत्र्याचं नाव फुटाणा. जात कसलीशी डॅशुंड. उशीला चार पाय लावले आणि पाय लावताना लाकूड कमी पडलं, असं ध्यान. पण आवाज ऐकाल तर वाटेल, आत म्हैस बांधली आहे.

दिवाळीत आला तेव्हा गप्प असायचा. खिडकीखालच्या दिवाणावर चढून गजांतून बघायचा, बस. थंडी पडली आणि याचं भुंकणं सुरू झालं. अपूर्वा दिवसभर ऑफिसात. शेजारच्या खोलीतला कौस्तुभ घरूनच काम करतो, त्याच्या डोक्याला ताप. तो म्हणाला, कुत्रा राहील नाही तर मी राहीन. मग परवा निरंजननं अंगणात उभं राहून निकाल दिला. "महिनाअखेरपातुर बघतो. कोळवणच्या फार्महाउसवाल्यांना राखनीला भुंकनारं कुत्रं पायजेच हाय. शब्द दिलाय मी."

अपूर्वा म्हणाली, "काका, तिकडे बिबट्या येतो ना?"

निरंजन फोनमध्ये बघायला लागला. पोर रडली नाही. कुत्र्याला हनुवटीखाली धरून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत आत गेली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. निरंजनचा शब्द म्हणजे बापाचा शब्द, दिला की परत घेत नाहीत. घरात तांदूळ नसले तरी घेत नाहीत.

तेव्हा चोर आता मीच धरणार. दिवसभर ओट्यावर मीच असते. तो भुंकला की सून शुभांगी ओरडते, कौस्तुभ भिंत बडवतो, निरंजन शिव्या घालतो, आणि फुटाणा आणखी चढतो. शेवटी मी काठी टेकत जाते, गजांतून भाकरीचा तुकडा देते, "गप रं लेकरा" म्हणते, की गप्प. माझ्या हाताला गुण आहे. पण मी एकटी किती वेळा उठणार?

७ जानेवारी, बुधवार

पहिला संशय तुळजाबाईवर. तिचं घर कुंपणापलीकडे आणि डोळे कुंपणाअलीकडे. आज नळावर तिला धरलं.

"तुळजे, आमच्या कुत्र्याला काय दावतीस गं कुंपनावरनं?"

"माझं त्वांड दावते. दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

"मग भुंकतंय त्यात नवल न्हाई."

"सगुणे, तुमचं कुत्रं मला बघून भुंकत न्हाई. कुनाला बघून भुंकतंय, त्ये बघ जरा." आणि हसत कळशी कमरेवर घेऊन निघाली.

बघ म्हणे. बघायलाच तर बसलेय. आपल्यावरचा संशय दुसऱ्यावर ढकलायला ही पहिल्यापासून हुशार. माझ्या लग्नात हिनंच माझी चप्पल लपवली होती आणि नाव नणंदेचं सांगितलं होतं. हे लिहू नको. लिहिलंस वाटतं.

१० जानेवारी, शनिवार

दुसरा संशय कौस्तुभवर. अकोल्याचा पोरगा, कानात सदा बोंडं घातलेली. भिंत बडवणारा हाच, मग कुत्रं भुंकणार नाही तर काय गाणं म्हणेल? आज त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला. चहानं माणूस सैल होतो.

म्हणाला, "आजी, मला कुत्र्याचा राग नाही हो. पण क्लायंटचा कॉल असतो. परवा म्यूट करायला विसरलो तर तिकडची बाई म्हणाली, किती गोड! माझा मॅनेजर नाही म्हणाला गोड."

"मग तू भिंत का वाजवतोस?"

"तो थांबावा म्हणून."

"थांबतो?"

"नाही." चहा पिऊन मग हळूच म्हणाला, "आजी, एक निरीक्षण सांगू? रागावू नका. दुपारी तुम्ही आत पडलेल्या असता ना, तेव्हा तो शांत असतो. तुमची काठी वाजली की सुरू होतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे चोर माझ्यावर पाळत ठेवून आहे. मी झोपले की गप्प बसतो आणि मी उठले की कुत्र्याला डिवचतो. मला पळवायचं, दमवायचं आणि शेवटी माझ्याच तोंडून म्हणवून घ्यायचं, की जाऊ दे बाबा ते कुत्रं.

कौस्तुभला यातून सोडलं. पण पुरता नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. बाजरीची भाकरी, तीळ लावून, आणि लेकुरवाळी भाजी. शुभांगी भाकरी चांगली करते. माझं ताट वाढून झाकून ठेवते, पाण्याचा तांब्या उशाशी, गोळ्या वाटीत, चष्मा पुसलेला. काही मागायची म्हणून वेळ येत नाही. सुनेला नाव ठेवायला जागाच ठेवत नाही, हीच तिची लबाडी. आख्खा दिवस जातो, मला कुणाची हाक येत नाही आणि मला कुणाला मारावी लागत नाही.

आज फुटाणा सकाळपासून भुंकत होता. सणाचा दिवस, म्हणून प्रत्येक वेळी तुकड्याला लोणी लावून नेलं. हुशार आहे. आता मी ओट्यावरून उठायच्या आत त्याला कळतं आणि त्याची शेपटी दिवाणावर दणदण आपटते.

चोराचा पत्ता नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

अपूर्वानं काल रजा काढून फुटाण्याला पुण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. संध्याकाळी माझ्याजवळ बसून सगळं सांगितलं. ही जात म्हणे मुळात बिळात शिरून शिकार करणारी. आत जनावर सापडलं की बाहेरच्या मालकाला ऐकू जावं म्हणून आवाज एवढा. म्हणजे माप चुकलेलं नाही, देणाऱ्यानं मुद्दाम दिलाय. भुंकणं हे त्याचं बोलणं, ते तोडायचं नसतं. आपण ओरडलो की त्याला वाटतं, आपणही त्याच्या जोडीनं भुंकतोय. हे मात्र पटलं. शुभांगी आणि तो एका सुरात असतात. सकाळी लांब फिरवून आणायचं, रस्त्याकडच्या खिडकीला पडदा लावायचा, आणि भुंकायच्या आधी काय होतं नि भुंकल्यावर त्याला काय मिळतं, दोन्हीवर नजर ठेवायची.

"मिळतं काय डोंबल," मी म्हटलं. "शिव्या मिळतात."

"आजी, बाहेरचं कुणी त्याला काही खायला देतं का हो?"

"बाहेरचं कुनी न्हाई," मी छातीठोक सांगितलं. मी असताना बाहेरची माशी गजाला शिवत नाही.

पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची, आणि मधली, दारात जो हाक मारील त्याची. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा सासूनं मला हे आधी शिकवलं आणि चूल नंतर दाखवली. हाकेला तुकडा दिलाच पाहिजे. ते काही खायला घालण्यात धरत नाहीत.

निरंजननं कुठूनसा एक पट्टा आणला. कुत्रं भुंकलं की गळ्याला विजेचा झटका बसतो. मी म्हटलं, "आधी तू घाल. चार दिवस घालून फिर, तुला काय झालं त्ये बघू, मग त्येच्या गळ्यात." पट्टा माळ्यावर गेला. पण माझ्या मनात खुटखुट राहिली. याला एवढी घाई कशाची?

२१ जानेवारी, बुधवार

कोळवणला बहीण गंगूकडे बारशाला गेले होते, ती आज एसटीनं परतले. येताना मुद्दाम वाकडी वाट करून ते फार्महाउस बघितलं. शहरातले मालक शनिवार-रविवारी येतात, बाकी दिवस राखणदार कुशाबा आणि कुत्री. गवत कापून गालिच्यासारखं केलंय आणि मागं लगेच रान. झाडांना साखळ्या. एका साखळीला कुत्रं नव्हतं.

"कुशाबा, कुत्री किती हायेत रं?"

"सकाळी मोजायची, आजी. आदल्या दिवशीचं काय खरं न्हाई."

"वाघरू येतंय?"

"येतंय म्हंजी? त्याचीच जागा हाय ही. मोठ्या कुत्र्याच्या पट्ट्याला खिळं लावतो, म्हंजी मान धरता येत न्हाई."

"आन् बारकं असंल तर?"

कुशाबानं तंबाखू मळत माझ्याकडे बघितलं. "बारक्याला खिळं लावायला मान लागती का न्हाई आजी?"

अपूर्वाला यातलं काही सांगितलं नाही. फोनला सांगितलं, तो बिचारा कुठं जाणार आहे.

घरी आले तर शुभांगी म्हणाली, "आत्या, तुमी गेल्यापास्नं एक आवाज न्हाई बगा कुत्र्याचा. कौस्तुभनं सुदिक इचारलं, गेलं का म्हनून." मी ओट्यावर काठी टेकली मात्र, आतून भुंकणं सुरू. शुभांगीनं माझ्याकडे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत पळाली.

का हसली? मी नसताना चोर गप्प, मी आले की हजर. हसणाऱ्याला ठाऊक असतं. आता संशय घरातच आला. नवरा कुत्रं घालवायला टपलेला, आणि बायको हसते. दोघं एका ताटात जेवत नसले तरी एका मताचे असतील.

२२ जानेवारी, गुरुवार

सापळा लावायचा. कल्पना माझी. अपूर्वानं उद्या मोठ्यानं "येते आजी" म्हणून बॅग घेऊन निघायचं, वळणावर जायचं, आणि मागच्या दारानं येऊन मोरीत लपायचं. मी ओट्यावर रोजच्यासारखी बसणार, म्हणजे चोराला वहीम येणार नाही. तो कुत्र्याला डिवचायला आला की ती आतून धरणार, मी बाहेरून.

अपूर्वा म्हणाली, "आजी, तुम्ही पोलिसात हवा होतात."

"पोलिसात लिहावं लागतं," मी म्हटलं.

पोर आज बऱ्याच दिवसांनी हसली. तिच्या आईचा फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलते आणि खाली येते तेव्हा नाक लाल असतं. आई म्हणते, कुत्रं सोड आणि परत नांदायला जा. हे तिनं मला सांगितलेलं नाही. आमची गच्ची माझ्या खाटेच्या बरोबर वर आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज सापळा लागला.

ठरल्याप्रमाणे पोर गेली आणि मागून आली. मी ओट्यावर. समोर तुळजाबाई गोवऱ्या थापत होती, तिच्यावर डोळा ठेवला. निरंजन मोटरसायकल पुसत होता, त्याच्यावर दुसरा. मी पाय मोकळे करायला उठले, काठी वाजली, आणि फुटाणा सुरू झाला. चोर दिसेना. म्हटलं, त्याचा घसा तरी का बसवायचा? तुकडा दिला. गप्प झाला. येऊन बसले. पुन्हा सुरू. पुन्हा तुकडा. मला तर वाटायला लागलं, चोर कुठल्यातरी फटीतून काम करतो.

नंतर परत भुंकला तेव्हा मी तुकडा घेऊन गेले, हात गजांतून आत घातला, आणि आतून कुणीतरी माझं मनगट धरलं.

"आजी, धरला!"

"कुटं? कोन हाय?"

"हा काय. माझ्या हातात आहे."

मी इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे बघितलं. अपूर्वा पडद्याआडून बाहेर आली, डोळ्यांत पाणी, हसण्याचं की कशाचं कोण जाणे. म्हणाली, "तो कुणावर भुंकत नाही आजी. तो तुम्हाला बोलावतो. भुंकलं की आजी येते आणि भाकरी देते, एवढं त्याला कळलंय."

"बोलावलं तर जाऊ नगं?"

 माझा हात अजून तिच्या हातात होता आणि फुटाणा त्यातला तुकडा आरामात खात होता.

निरंजन मोटरसायकल पुसायचा थांबला होता. तुळजाबाईनं गोवरी उलटी थापली. मी हात सोडवला आणि घरात आले.

२४ जानेवारी, शनिवार

आज काही बोलायचं नाही. दारातल्या हाकेला तुकडा द्यायचा नाही, हे आता मला परभणीची पोर शिकवणार.

मी परत बटण दाबलं. डॉक्टरीणबाईंना त्या पोरीनं फोन लावला आणि आवाज मोठा करून माझ्या कानाशी धरला. बाई म्हणाल्या, तो गप्प बसला की द्या, भुंकताना देऊ नका. आणि म्हणाल्या, आता काही दिवस तो जास्तच भुंकेल. दार वाजवलं की उघडायचं, ते आज उघडेना, म्हणजे ऐकू गेलं नसेल, म्हणून तो आणखी जोरात वाजवणार. तेव्हा एकदा जरी दिलात तर पूर्वीपेक्षा वाईट.

मी विचारलं, "बाई, तुमच्याकडं कुनी हाक मारली तर तुमी काय करता?"

त्या म्हणाल्या, "माझ्याकडे अपॉइंटमेंट घेऊन येतात."

२६ जानेवारी, सोमवार

शाळेच्या झेंडावंदनाचा कर्णा चालू होता, तो ऐकू येऊ नये इतकं फुटाणा भुंकतो. मी आत बसून कानात कापूस घालून तांदूळ निवडते. त्यातही ऐकू येतं. पूर्वीचं भुंकणं वेगळं होतं, दम होता. आता मधे थांबतो, वाट बघतो, मग असं ओरडतो की माझा हात आपोआप भाकरीच्या टोपलीकडे जातो. निवडून काढलेले खडे पुन्हा तांदळात टाकले, म्हणजे काम संपू नये.

कौस्तुभ आज दारात येऊन म्हणाला, "आजी, हे कमी होणार होतं ना?"

"होनार हाय. आधी वाढतंय."

"असं कुठं असतं?"

"तुमच्या कंपूटरमदी न्हाई का वाढत?"

त्यानं विचार केला आणि म्हणाला, वाढतं. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला.

नळावर तुळजाबाई. "काय गं सगुणे, तुकडा बंद व्हय?"

"तुला ठावं होतं?"

"समद्या आळीला ठावं हाय. काठी, भुंकनं, भाकरी. आमी तर त्यावर वेळ धरत हुतो."

"मग सांगितलं का न्हाई, सटवे?"

तिनं कळशी भरून घेतली आणि मग म्हणाली, "लगबगीनं जायचीस. पाय दुखायचे न्हाईत तुझे तवा. कशाला सांगू?"

या बाईचं एक वाक्य सरळ नसतं. मनात काय आहे ते शोधून काढायला पाहिजे.

२८ जानेवारी, बुधवार

आज खरा चोर धरला.

दुपारी सगळे आडवे झालेले. फुटाण्याचा घसा बसला होता, आवाज फाटल्यासारखा येत होता. आणि एकदम थांबला. असा नाही थांबत. दमून थांबणारा कुत्रा हळूहळू थांबतो. तोंडात काही पडलं तरच एकदम थांबतो, हे मला आता चांगलं कळतं. काठी तिथंच ठेवली आणि भिंतीला धरून अनवाणी गेले.

गजांत हात घालून निरंजन उभा.

मी मनगट धरलं. केवढा दचकला!

"शनिवारी कोळवणची जीप यावी म्हनून भुंकवतोस व्हय रं त्येला? मोडतोस व्हय माझं सगळं?"

"आये, न्हाई गं."

"मग?"

"सकाळपास्नं वरडतंय. घसा बसला. मला ऐकवंना."

"आन् कोळवणला ऐकवंल?"

 हातातला तुकडा मी हिसकून घेतला. तुपात भिजलेला आणि वर गूळ. मी वास घेऊन बघितला. तूप ताजं होतं. कुणाचं वाईट करायला निघालेला माणूस तुकड्याला तूप लावत नाही, आणि लावलं तरी ताजं लावत नाही. तरी मी लगेच सोडलं नाही. "हे कुनी शिकवलं तुला?"

"तूच की," तो म्हणाला.

मग त्याला माझ्यापाशी ओट्यावर बसवला. म्हटलं, आता तू भुंकायचं नाही, मी भुंकायचं नाही, आणि त्याचं थांबेपर्यंत उठायचं नाही. बसलो. फुटाणा ओरडत होता. निरंजन दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, लहानपणी पंगतीत बसायचा तसा. पार उन्हं कलली. मोठा झाल्यापासून हा माझ्यापाशी इतका वेळ बसला नव्हता, आणि बसला तो कुत्र्यामुळं.

आतला आवाज थांबला. एक श्वास गेला, दुसरा गेला.

"दे आता."

त्यानं उठून दिला. आवाज न करता शेपटी हलत होती.

३० जानेवारी, शुक्रवार

काल थोडं कमी, आज त्याहून कमी. सकाळी काठी वाजली तेव्हा त्यानं तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघत मिटलं. मी लगेच दिलं. अपूर्वानं ऑफिसातून फोन करून विचारलं, मी म्हटलं, तुझा कुत्रा गप्प राहायला शिकतोय, तू कधी शिकणार? पण उद्या जीप येणार, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. कुत्रं सुधारलं तरी शब्द तो शब्द. निरंजनला विचारलं, "सांग की त्येंना, न्हाई देत म्हनून."

"शब्द दिलाय आये."

मग जेवताना, मी काही विचारलेलं नसताना, आढ्याकडे बघत म्हणाला, "मालकानं कुशाबाला सांगितलंय, आवाज बगून आन. भुंकत नसंल तर नगं. राखनीला मुकं कुत्रं काय कामाचं?" आणि आमटीचा भुरका मारला.

हे मला कशासाठी सांगितलं? मी तर याला कुशाबाचं काही विचारलं नव्हतं. हा असा आढ्याकडे बघून बोलतो तेव्हा नक्की काहीतरी डाव असतो. लहानपणी आंबे चोरायचा तेव्हाही असाच बघायचा.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी जीप आली.

कुशाबा उतरला, हातात साखळी. अपूर्वा दारात उभी होती, ती साखळी बघून मागं सरकली नाही, पण तिनं चौकट घट्ट धरली. फुटाणा तिच्या पायांपाशी. अनोळखी माणूस, अनोळखी गाडी. हे भुंकायचंच काम आहे, कुणीही भुंकेल. मी ओट्यावर बसले, मुठीत तुकडा घेतला आणि काठी आडवी टाकून दिली, म्हणजे वाजायला नको.

"बघू आवाज," कुशाबा म्हणाला. टाळी वाजवली. फुटाण्याचे कान उभे राहिले. कुशाबानं फाटकाला लाथ मारली, साखळी जोरात हलवली, तोंडानं हाड हाड केलं. फुटाण्याची छाती फुगली, अंगावरचे केस उभे राहिले, तोंड उघडलं. तुळजाबाई कुंपणाला नाक लावून बघत होती. निरंजन आभाळाकडे बघत होता.

फुटाण्यानं माझ्याकडे बघितलं.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्या मुठीकडे बघितलं.

त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. पोटातल्या पोटात काहीतरी गिळलं आणि खाली बसला.

"ह्यो काय राखन करनार?" कुशाबा म्हणाला. "मुकं हाय हे. निरंजन, तू तर म्हनालास, दीसभर भुंकतंय."

"भुंकत हुतं," निरंजन म्हणाला. "मी न्हाई म्हनत न्हाई. शब्द दिलाय, न्यायचं तर ने."

"आन् मालकाच्या शिव्या कुनी खायच्या?" कुशाबानं साखळी गोळा केली. जाताना माझ्याकडे बघून एक डोळा मिटला, की तंबाखू गेली डोळ्यात, नक्की सांगता येत नाही. त्या माणसावर माझा पूर्ण भरवसा नाही.

कौस्तुभनं दार उघडून डोकं बाहेर काढलं. कानांतली बोंडं काढून म्हणाला, "काय झालं? एवढी शांतता का आहे?"

मी तुकडा दिला. अपूर्वा खाली बसली होती आणि तिनं त्याच्या मानेत तोंड खुपसलं होतं, त्यामुळं तिचं तोंड चुकवून तुकडा त्याला द्यायला जरा त्रास पडला.

जीप वळणावर पोचली, मागचा धूर दिसत होता, तेव्हा फुटाणा उठला आणि गाडीच्या पाठीवर एकदाच, पण पोटातून भुंकला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी दोन्ही हात पदराखाली घेतले.